पोटमाळ्यातला फोम

प्रिय लिनेट,

आज बँकेचा माणूस घर तपासायला आला होता. त्यानं पोटमाळ्यावर चढू नये म्हणून मी सकाळीच शिडी कोळशाच्या खोलीत लपवली. त्याला म्हटलं, "शिडी मोडलीय हो." तो हसला. "आजोबा, माझी शिडी मी बरोबरच आणतो."

खाली आल्यावर त्यानं चहालाही हात लावला नाही. "छताला आतून हा फोम कुणी मारला?"

दोन वर्षांपूर्वी दारावर आलेल्या एका गोडबोल्या माणसानं, यानं थंडी आत येत नाही म्हणून. तीन हजार पौंड घेतले. तू म्हणाली होतीस ना, "बाबा, हे घर आहे की बर्फाची पेटी? तान्ह्या ईडिथला मी इथे आणायची नाही." म्हणून मारून घेतला. तुला सांगितलं नाही.

मध्यंतरी कानावर आलं होतं तेच त्यानं सांगितलं: फोमखाली वासे कुजलेत की नाही ते दिसत नाही, आणि अशा घरावर बँक कर्ज देत नाही. मारायला लागले त्याच्या दुप्पट पैसे तो काढायला लागतात. आपलं गिऱ्हाईक तर हे घर कर्जावरच घेणार होतं. आणि तू तर हे घर विकून आपण सगळे एकत्र राहायचं म्हणून भाड्याची जागा सोडायची नोटीस देऊन बसलीस.

संध्याकाळी तू फोनवर विचारलंस, "झाली का तपासणी?" मी म्हटलं, "तो आलाच नाही गं."

सोमवारी घराचा दलाल तुला सगळं सांगेल. त्याआधी हे पत्र टाकायला हवं. तिकीट लावलंय. टपालपेटी कोपऱ्यावरच आहे, पण तीनदा कोट घातला आणि तीनदा काढून ठेवला.

तुझा बाबा,
वॉल्टर