गुरुवारचा टोपीवर्ग

सोमवार, १ जून
केंद्राच्या मॅनेजरबाईंचा फोन. गुरुवारी दुपारी हॉल रिकामा असतो, एखादा शिवणाचा वर्ग घ्याल का? घेईन म्हटलं. मग कळलं की नुसतं शिवण नाही, 'टोपीवरून सुचलेलं मिक्स्ड मीडिया टेक्स्टाइल आर्ट' आहे. म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. गृहविज्ञानाची पदवी काही उगाच घेतलेली नाही.
महिनाभर वर्ग, चार जुलैला प्रदर्शन. लोकांना आवडलं तर वर्ग कायमचा माझा. नाहीतर हॉल झुंबावाल्यांना.
शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारलेलं नाही. ह्यांचे सगळे शर्ट उसवून पुन्हा शिवून झाले. हे म्हणाले, घे बाई तो वर्ग, घरात आता उसवण्यासारखा मीच उरलोय. ह्यांचा पाठिंबा पहिल्यापासूनच आहे.

बुधवार, ३ जून
मिक्स्ड मीडियाबद्दल वाचलं. कापडावर कापड सोडून काहीही लावायचं. तार, कागद, बटणं, प्लास्टिक. भंगारवाला शिवण शिकला तर जे होईल ते. माझ्या वर्गात हे चालणार नाही. पाया पक्का हवा. आधी धावदोरा, मग उलटी टीप, मग हेम, मग काजं. वेळ उरला तर आर्ट.

गुरुवार, ४ जून
विद्यार्थी चार. बारा खुर्च्या मांडल्या होत्या. चांगल्या वर्गात गर्दी नसतेच.
एक कॉलेजातली मुलगी, केस निळे. का, म्हणून विचारलं. म्हणाली, मॅम, आधी काळे होते ना. हे काय उत्तर झालं? तिला निळी म्हणायचं ठरवलं. दोन जावा, थोरली आणि धाकटी. घरात एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून बोलायला इथे येतात. चौथे निवृत्त बस ड्रायव्हर. पहिल्याच झटक्यात सुईत दोरा ओवला. म्हणाले, बाई, अरुंद जागेतनं गाडी काढण्यात जन्म गेला.
तासभर धावदोरा. थोरली धाकटीला म्हणाली, तुझा दोरा बघ, पिऊन आल्यासारखा चाललाय. धाकटी म्हणाली, चालतोय तरी, तुमचा बसूनच राहिलाय. वातावरण खेळीमेळीचं.
मॅनेजरबाई डोकावल्या. मॅडम, जरा मोकळं सोडा त्यांना. सोडणार आहे. साडेचार ते पावणेपाच.

गुरुवार, ११ जून
प्रत्येकाने घरून एक टोपी आणायची होती. निळीने पदवीदानाची काळी चौकोनी टोपी आणली. पदवी कधी मिळाली, विचारलं. दोन विषय राहिलेत म्हणाली, टोपी मैत्रिणीची. थोरलीने सासऱ्यांची माकडटोपी. धाकटीने आंघोळीची प्लास्टिकची. थोरली म्हणाली, गरम पाणी कुठे संपतं ते आज कळलं.
ड्रायव्हरांनी नोकरीतली खाकी टोपी आणली. अस्तर एकीकडे फाटलेलं, त्यावर लाल दोऱ्याचे हे भलेमोठे टाके. खाकीवर लाल! ड्रायव्हर म्हणाले, हिने घातलेत. ड्यूटीला निघालो आणि टराटरा फाटली. हाताला लागला तो दोरा घेतला आणि दारात उभ्या उभ्या शिवली हिने, तोंडाने मला शिव्या देत. मी म्हटलं, दिसतंच आहे. ते म्हणाले, ही असती तर माझ्याऐवजी हिलाच पाठवली असती तुमच्याकडे. म्हटलं, यायलाच हवं होतं त्यांनी, गरज त्यांनाच जास्त आहे. त्यांनी टाक्यांवरून अंगठा फिरवला, मग हसले. मोकळ्या मनाचा माणूस.
आता प्रत्येकाने आपापल्या मोठ्या कापडावर टोपीभोवती चित्र रचायचं. सुरुवात झाली. काम हॉलच्या कपाटात. किल्ली माझ्याकडे.

तोच दिवस, साडेपाच
सगळे गेल्यावर कपाट उघडून एक नजर टाकली. निळीचा एक टाका दुसऱ्याचं तोंड बघायला तयार नाही. तिची फक्त एक ओळ उसवली. पोरीला पुढच्या वेळी स्वच्छ सुरुवात मिळेल.
मग धाकटीचीही. थोरलीला वाईट वाटू नये म्हणून तिचीही.
वर वाफेची इस्त्री. मी उसवलं की खूण उरत नाही, शाळेत सगळे म्हणायचे. दोरे कॉफीच्या रिकाम्या बरणीत ठेवले. वीतभर दोरासुद्धा फेकायचा नाही हे माझं तत्त्व.

गुरुवार, १८ जून
निळी कापड उलटसुलट करून बघत होती. मॅम, मी गेल्या वेळी इथे काहीतरी केलं होतं ना? म्हटलं, केलं होतंस, आता नीट कर. चौघेही एकमेकांकडे बघायला लागले. विचार करायची सवय लागते आहे.
ड्रायव्हरांनी टोपी कापडावर लावली, पण उलटी! आतली बाजू बाहेर. लाल टाके अख्ख्या जगाला दिसतायत. त्यातून निघाल्यासारखी एकापुढे एक जुनी बसची तिकिटं चिकटवली आहेत, रस्ता असावा तशी. निळीने मोबाईलवर फोटो काढला आणि डोळे पुसले. सारखं स्क्रीन बघून डोळ्यांना पाणी येतं, हे तिला सांगितलं.
ड्रायव्हरांना काही बोलले नाही. मोठ्या वयाच्या माणसाला चारचौघांत चूक दाखवू नये.
निश्चय: आज कपाट उघडायचं नाही.

सहा वाजता
उघडलं. निळीच्या दोन ओळी, जावांचं किरकोळ. ड्रायव्हरांच्या कामाला मात्र हात लावला नाही. माझा स्वतःवर ताबा आहे तो असा.

गुरुवार, २५ जून
वर्गात नवीच लाट. निळी स्टेपलर घेऊन आली. टाका म्हणून घालत नाही, नुसती खटाखट पिना मारते. थोरली सगळं तारेने आवळते आहे. धाकटीने कुठून तरी असा डिंक आणला की तिचं बोटच कापडाला चिकटलं. थोरलीने हात धरून ओढून काढलं. म्हणाली, लग्नाला वीस वर्षं झाली, पहिल्यांदा माझ्या हाती लागलीस. दोघी हसत सुटल्या. मी टेबलावर पट्टी आपटली.
टाके का सोडले, विचारलं. निळी म्हणाली, मॅम, हे टिकतं.
मॅनेजरबाई आल्या आणि बघतच राहिल्या. मॅडम, अहो हेच तर मिक्स्ड मीडिया! तीन आठवड्यांत कसं काय शिकवलंत? म्हटलं, पाया पक्का हवा.
पिना काढायला पक्कड न्यायला हवी. ह्यांना मागितली तर हे म्हणाले, हरवली. सकाळी तर खिडकीत होती.

गुरुवार, २ जुलै
शेवटचा वर्ग. निळी आणि जावा आपापलं काम घरी घेऊन गेल्या, शनिवारी थेट आणतील. घरी नेऊन करण्याइतकी गोडी लागली. हे शिक्षकाचं यश.
ड्रायव्हरांनी मात्र कपाटातच ठेवलं. म्हणाले, घरी जागा खूप आहे हो बाई, पण एकट्याला बघवत नाही. शनिवारी मुलगी येणार आहे त्यांची, लांबून, खास हे बघायला. फोनवर तिला सगळं सांगितलंय म्हणे. माझ्याशी बोलताना चक्क खूश दिसत होते.
मुलगी एवढा प्रवास करून येणार आणि बघणार काय, तर उलटी टोपी. चैन पडेना.

शुक्रवार, ३ जुलै
केंद्रात जाऊन काम फत्ते केलं.
टोपी काढली. लाल दोरा अखंड उसवला, कुठेही न तोडता. ही हातोटी आता कोणाकडे राहिली नाही. दोरा बरणीत. अस्तराला वाफेची इस्त्री. मग खाकी दोऱ्याने रफू, असं की भिंग लावलं तरी सापडू नये. टोपी सरळ करून पुन्हा कापडावर लावली. इतकं चांगलं रफू मी शाळेतही केलं नव्हतं. कोणाला सांगणार नाही. श्रेय त्यांनाच मिळू दे.
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, त्यांना विचारलंस का? म्हटलं, अहो, भेट काय विचारून देतात? हे पेपरात तोंड घालून बसले. पेपर कालचा होता.

शनिवार, ४ जुलै
प्रदर्शन. गर्दी बरी. निळीच्या पिनांच्या टोपीपुढे लोक फोटो काढत होते. माकडटोपी आणि आंघोळीची टोपी शेजारी शेजारी, मध्ये तार.
ड्रायव्हर इस्त्रीच्या शर्टात आले, मुलीला घेऊन. मी मुद्दाम खांबाशी उभी राहिले, त्यांचा आनंद नीट दिसावा म्हणून. मुलगी म्हणाली, बाबा, आईचे टाके कुठेयत? ते टोपीकडे बघत होते. म्हणाले, असतील गं, आतल्या बाजूला. तिने कडेतून दोन बोटं आत घातली. बराच वेळ फिरवत होती.
मला राहवलं नाही. पुढे होऊन सांगितलं, शोधू नका, मिळायचे नाहीत, मी एकही ठेवलेला नाही.
दोघांनी माझ्याकडे पाहिलं. ड्रायव्हर म्हणाले, हो का. मग म्हणाले, काम छान आहे, बाई. मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिला बाहेर घेऊन गेले. चहासुद्धा घेतला नाही. भारावून गेले असावेत.
निळी जवळ आली. म्हणाली, मॅम, त्या काकू गेल्या वर्षी वारल्या.
मला कोणी सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. 'ही असती तर' म्हटल्यावर माणूस काय समजणार? बाहेरगावी असतील, असंच ना?

रविवार, ५ जुलै
मॅनेजरबाईंचा फोन. प्रदर्शन लोकांना फार आवडलं. वर्ग माझा, कायमचा. फक्त कपाटाची किल्ली निळीकडे राहील, विद्यार्थ्यांची तशी अट आहे. हरकत नाही, माझाच भार कमी होईल.
ड्रायव्हर येणार नाहीत म्हणे. काम न्यायला या असं मॅनेजरबाईंनी म्हटलं तर म्हणाले, राहू दे तिथेच.
ह्यांना म्हटलं, वर्ग मिळाला. हे म्हणाले, हं. थोड्या वेळाने पक्कड आणून टेबलावर ठेवली. सापडली म्हणे.

सोमवार, ६ जुलै
ड्रायव्हरांचं काम अजून हॉलच्या भिंतीवरच होतं, टोपी कापडावरून सोडवून घरी आणली. मॅनेजरबाईंना सांगितलं, किरकोळ दुरुस्ती आहे.
बरणी उलटी केली. लाल दोरा जशाचा तसा. फेकत नाही म्हणून. निळीकडून फोटो मागवला. तिने लगेच पाठवला, वर एक अक्षर लिहिलं नाही. मोठा करून पाहिला. एक टाका लांब, एक आखूड, एक वाट चुकलेला, एका जागी दोनदा घातलेला. यात काय कठीण आहे? जेवणाआधी होईल.

दुपारी चार
घातले. सगळे सरळ आले. सारखे. उसवले.

मंगळवार, ७ जुलै
न बघता घातले. सरळ. डाव्या हाताने घातले, तोही माझाच हात निघाला.
मग लक्षात आलं. त्यांनी उभ्याने घातले होते, घाईत. ह्यांना चपला घालून दारात उभं केलं. टोपी घातल्यासारखं करा आणि उशीर होतोय म्हणा, असं सांगितलं. हे म्हणाले, उशीर होतोय. अहो, असं नाही, बस सुटेल असं म्हणा. हे ओरडले, अगं आटप लवकर, बस सुटेल! समोरच्या दारातल्या बाई बाहेर आल्या, विचारायला लागल्या, कुठे निघालात? मी दार लोटून घेतलं.
घाईतही सरळ आले. शिव्या द्यायच्या राहिल्या, पण मला कधी जमल्या नाहीत.

बुधवार, ८ जुलै
सुई ह्यांच्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदा. दोनदा बोटात टोचून घेतली, तरी सोडली नाही. ह्यांचे वाकडे आले.
फोटोशेजारी धरून पाहिले. वाकडे आहेत, पण ते ह्यांचे वाकडे आहेत. हेही म्हणाले, नाही गं, हे ते नाहीत. उसवायला माझ्याकडे दिले.

गुरुवार, ९ जुलै
वर्ग. तिघी वेळेवर. खुर्च्या चारच मांडल्या होत्या. थोरलीने चौथी आपली पर्स ठेवायला घेतली, मग पर्स मांडीवर घेतली.
सगळ्या गेल्यावर निळीला थांबवलं. टोपी दाखवून म्हटलं, जरा शिकव मला, तू कशी घालतेस ते. तिने टोपी हातात घेतली, उलटी केली, बराच वेळ बघितली. म्हणाली, मॅम, मुद्दाम नाही येत ते. कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गेली.
घरी आले. पुन्हा पुन्हा ओवून लाल दोरा विरत चाललाय. आता फार तर एकदा पुरेल. सुईत ओवून ठेवला आहे. जुनी भोकं दिसली तर त्याच वाटेने सुई नेता येईल, म्हणून अस्तर खिडकीशी धरलं. आधी इकडून, मग तिकडून. हेही चष्मा लावून आले.
एकही नाही. मी उसवलं की खूण उरत नाही.