तो लाल रंग माझाच होता

अष्टमी, रोहा
११ मे

दत्ताकाका, तुम्हाला आणि तुमच्या रागालाही नमस्कार.

आपली खारातली, खाडी अडवून केलेली शेतं नकाशात लाल कुणी केली, म्हणून तुम्ही पेणच्या बैठकीत टेबल वाजवलंत. लाल म्हणजे नापीक होत चाललेली जमीन. तिच्यासाठी खाडीचा बांध दुरुस्त करायचा नाही, असंच ठरत होतं. मी साहेबांच्याच कचेरीतली, नकाशा धरून त्यांच्या शेजारी बसले होते. काका, तो रंग मीच दिला होता. उपग्रहाची फक्त एप्रिलची चित्रं घेतली, मिठाचा पांढरा थर पाहिला आणि शेतं मेली असं समजले. खारातली पोर असून!

तुम्ही खिशातून शेतातल्या मातीचं ढेकूळ काढून साहेबांपुढे धरलंत. "जिभेवर ठेवा, सायेब. आता खारट हाय. पावसात गोड झाली नाय, तर माझं नाव बदला." सगळे हसले. मला मात्र माझी चूक कळली.

मग मी दहा वर्षांची, एप्रिलची आणि ऑक्टोबरची चित्रं एकावर एक ठेवली. बांध धड होता तिथे दर ऑक्टोबरात भात हिरवंगार उभं होतं. बांधाला खांड पडून भरतीचं पाणी शिरलं, तिथेच पांढरं वाढत गेलं होतं. काल साहेबांनी नवा नकाशा मान्य केला. बांधाची दुरुस्ती मंजूर झाली, काका!

तुम्ही गावभर सांगताय म्हणे, "आमच्या अनितानं लाल रंग पुसला!" ते ऐकून हे पत्र टपालात टाकवेना. रविवारी गाव पहिली खांड भरणार आहे, तेव्हा येते. तुमच्या डोक्यावर चिखलाची पाटी असतानाच सांगेन. दोन्ही हात गुंतलेले असतील.

तुमची पुतणी,
अनिता