शेपटीचे बाण

३ मार्च, सोमवार

आली एकदाची पेटी! हातचाकं सगळी शाबूत, आणि झाकणावर त्याचा बाण. ‘ही बाजू वर’ एवढंच सांगायला बाकीचे सरळ बाण काढतात. माझा नवरा मात्र बाणाच्या खाली मांजरीसारखी शेपटी वळवून ठेवतो. त्यांच्या पॅकिंगमध्ये हा उद्योग दुसऱ्या कोणाला सुचणार!

लग्न करून मिळवलं काय — तो तिकडे रात्रभराच्या अंतरावर चाकं पेट्यांत भरतो, मी इकडे शिलाई मशिनच्या कारखान्यात ती मागवते. झाकण घरी आणलं. स्टोअरकीपर काका म्हणाले, "बाई, फर्निचरचं दुकान टाकताय का?" स्वयंपाकघरातली मांडणी याच झाकणांची आहे. सगळे बाण आडवे झालेत.

४ मार्च, मंगळवार

मीटिंगमध्ये साहेबांनी माझा आलेख दाखवला. आधी चाकांची महिन्याची एकच मोठी ऑर्डर जायची. मी दर आठवड्याला छोटी लावायला लागले, आणि साठा निम्म्यावर आला. "यांच्याकडून शिका!" टाळ्या. मी मान खाली घालून बसले.

साठा कमी झाला हे खरंच आहे. पण मला दर सोमवारी एक बाण हवा होता, हे कुठल्या आलेखात दाखवू?

१७ मार्च, सोमवार

बाण सरळ. शेपटी नाही! जेवणाच्या सुट्टीपर्यंत जीव टांगणीला. फोन केला तर नवरोबांना ताप, पेटी दुसऱ्यानेच भरलेली. "आता बरा आहे गं. रडतेस काय?"

रडत नव्हते. नाक चोंदलं होतं.

१९ मार्च, बुधवार

त्याच्या कंपनीच्या इथल्या डेपोत त्याची बदली कधीची मंजूर आहे. फोरमन सोडत नाही. आज म्हटलं, नक्की अडलंय कुठे ते तरी सांग.

"तुमच्याकडचा कोणीतरी शहाणा दर आठवड्याला चिमूटभर माल मागवतो. दर आठवड्याला पॅकिंग, दर आठवड्याला गाडी. फोरमन म्हणतो, हे असं चालू असताना तुला सोडून मी काय डोक्याला हात लावून बसू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कोण गं हा शहाणा?"

"असेल कोणीतरी," म्हटलं आणि फोन ठेवला. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा, आणि वर टाळ्याही घ्यायच्या! बाण बघत बसले आणि बाण काढणाऱ्यालाच तिकडे अडकवून ठेवलं.

२४ मार्च, सोमवार

तीन महिन्यांची चाकं एकदम मागवायची, असा कागद साहेबांपुढे ठेवला. ते ताडकन उठले. "उद्या मॉडेल बदललं तर ही चाकं काय गळ्यात बांधून फिरायची?" मी गाडीभाड्याचा हिशेब पुढे केला. खोटा नव्हता, भाडं खरंच वाचतं. "छोट्या ऑर्डरींचं कौतुक तुम्हीच करून घेतलंत ना?"

"घेतलं. आता बोलणीही मीच खाईन."

सही झाली. पण माल पडून राहिला तर माझं टेबल दुसऱ्याला, हेही साहेबांनी स्पष्ट सांगितलं. नवऱ्याला यातलं काही बोलले नाही. पुढे तीन महिने पॅकिंग नसतानाही फोरमनने सोडलं नाही तर?

३१ मार्च, सोमवार

आज पेटी नाही. मोठी ऑर्डर तयार व्हायला वेळ लागणार, मीच तर लावली. तरी दोनदा गेटपर्यंत जाऊन आले.

मला तो हवा आहे. बाण नको, फोन नको, तो. समोर बसून जेवणारा, ओला टॉवेल पलंगावर टाकणारा. त्या टॉवेलवरून मला भांडायचंय, रोज.

७ एप्रिल, सोमवार

पहिली गाडी आली. जिकडे बघावं तिकडे पेट्या, जिकडे बघावं तिकडे शेपट्या! स्टोअर भरलं, जिन्याखालची जागा भरली. काका म्हणाले, "आता मी कुठे बसू? पेटीत?" साहेब एका पेटीला ठेचकाळले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी त्याचा फोन. "काम संपत आलंय, पण फोरमन अजून काही बोलत नाही. आशा लावून बसू नकोस."

बसले आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

दुसरी गाडी. सगळे बाण सरळ. त्याचा फोन बंद. पुन्हा लावला, बंदच. एवढ्यात काका ओरडले, "बाई, एक पेटी जास्त आलीय! ऑर्डरमध्ये नाही. परत पाठवू?"

धावत गेले. झाकणभर शेपट्या, चारी दिशांना. आत त्याची गादी, त्याचा स्टोव्ह, आणि घडी न घातलेला टॉवेल — ओलाच!

"परत नाही," म्हटलं. "ही माझीच ऑर्डर आहे."