वळणावरचा भुयारी मार्ग

३ जानेवारी

चि. सौ. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

आईच्या पायाची पट्टी बदलायला तू रोज सकाळी माझ्याच घरी येतेस, आणि मला मात्र पोस्टाने लिहावं लागतं. परवा हातात दिलेली चिठ्ठी तू टेबलावर तशीच ठेवून गेलीस. ठीक आहे. पोस्टमनला तरी काम मिळेल.

तुझ्या-माझ्या घरांमधली मोकळी पट्टी विमानतळाच्या रस्त्यासाठी राखलेली आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपण सायकल शिकलो तीही तिथेच. बाजारातला जुना रस्ता विमानतळाच्या गाड्यांनी तुंबून गेला, इकडे तीनदा कोनशिला बसली, मुलांनी तिचा स्टंप केला. आता खरंच यंत्रं आली आहेत. गाड्या वेगाने जाणार, म्हणून दोन्ही बाजूंना उंच कुंपण, आणि पायी जाणाऱ्यांसाठी दोन उपनगरांत मिळून एकच भुयारी मार्ग. तो आपल्या गल्लीच्या तोंडाशी घ्यायचा की वीटभट्टीच्या वळणावर, हे रहिवासी समितीवर सोडलं होतं. मतं समसमान पडली. चिटणीस म्हणून शेवटचं मत माझं. मी ते वळणाला दिलं.

स्वतःच्या दारात भुयार आणलं असतं तर लोकांनी काय म्हटलं असतं? देवापुढे उभं राहताना मला मान खाली घालायची नाही. तू एवढं समजून घेशील असं वाटलं होतं.

राग खुशाल कर, पण लोभ थोडा शिल्लक असू दे.

तुझा,
दादा


११ जानेवारी

ती. दादा यांस, सा. न. वि. वि.

‘तीर्थरूप’ हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, उगाच कागद खराब होतो. यापुढे मात्र मी आपल्याला ‘आपण’ म्हणणार आहे.

लोक काय म्हणतील याची आपल्याला काळजी ना? मग लोक आत्ता काय म्हणताहेत तेही ऐका. वळणावर वीटभट्टी आहे आणि बंद पडलेली गिरणी. तिथून पलीकडे जायचंय कुणाला, विटांना? इंजिनिअरने स्वतः सांगितलं होतं, की माणसं गल्लीतून ये-जा करतात, तेव्हा मार्ग गल्लीतच घ्या. आपल्या समितीतला शिंपी सांगत होता, की आपल्यालाही मनातून गल्लीच पटली होती. तरी आपण हात वर केलात तो वळणासाठी. त्याला म्हणे आपली कीव आली. मला तीही आली नाही.

आता आईचं बोला. कुंपण लागल्यावर मी वळणावरून फिरून आले, तर माझी दवाखान्यातली सकाळपाळी गेलीच म्हणायची. मग पट्टी कोण बदलणार? जखम बघून वहिनीला भोवळ येते, आणि आपल्याला समिती आहे. मागे पट्टीची हयगय झाली तेव्हा डॉक्टर पाय कापायची भाषा करत होते, ते विसरलात? आपलं नाव स्वच्छ राहावं म्हणून आईने पाय द्यायचा का?

अजून काँक्रीट पडलेलं नाही. इंजिनिअरकडे जा आणि चुकलं म्हणा. तोंड झिजणार नाही.

लोभाचं त्यानंतर बघू.

आपली, नाइलाजाने,
बहीण


४ नोव्हेंबर

सौ. धाकटीस,

आशीर्वाद मुद्दाम लिहिलेला नाही.

काल विमानतळावरून, सामान विभागातली पाळी संपवून घरी आलो, तर आईची खाट रिकामी. तुझ्या वहिनीने सांगितलं, की तू रस्त्याच्या मजुरांना घेऊन आलीस, आईला खुर्चीत बसवलंस आणि उचलून पलीकडे नेलंस. वर म्हणे आई हसत होती. संध्याकाळी कुंपणाचा शेवटचा पत्रा ठोकला गेला. वेळ बरोबर साधलीस.

इंजिनिअरकडे मी गेलो नाही, जाणारही नव्हतो. समितीचा ठराव म्हणजे माझ्या घरचा रुमाल नाही, हवा तसा घडी करायला. रस्त्याच्या कामाने तुझं रोजचं येणं तुटलं, तेव्हा पट्टीसाठी मी कंपाउंडर ठरवला होता. तो कधी यायचा, कधी यायचा नाही, हे खरं. पण त्यालाही मी दम दिला होता. थोरल्या मुलाच्या घरातून आईला चोरून नेण्याइतकं काय बिघडलं होतं? गल्लीत आता जो तो मलाच विचारतो.

रविवारी आईला परत आणून सोड. नाही आणलंस तर आपल्यात कुंपण सरकारने घातलं नाही, तू घातलंस असं मी समजेन.

लोभ मागत नाही.

दादा


१० नोव्हेंबर

चि. थोरल्यास, अ. आ.

पत्र धाकटीला होतं, वाचलं मी. ती फाडायला निघाली होती.

मला चोरून न्यायला मी काय शेळी आहे? शेवटचा पत्रा लागायच्या आत मीच तिला म्हटलं, चल. मजुरांनाही हाक मारली ती मीच. तुला आधी सांगितलं असतं तर तू बैठक बोलावली असतीस.

मी धाकटीच्या बाजूची आहे असं समजू नकोस. तिच्या जिभेला हाड नाही. इथे येऊन मी रोज बोलणी खाते. मी माझ्या पायाच्या बाजूची आहे.

लहानपणी खाऊ वाटताना तू स्वतःचा वाटा सगळ्यांत लहान घ्यायचास. शेजारणींना मी कौतुकाने सांगत फिरायचे. मोठा झालास आणि तसाच माझाही वाटा लहान केलास, मला न विचारता. याला तू देवाचं काम म्हणतोस. देवाने मला विचारलं असतं.

जखम भरू लागली आहे. रविवारी मी येणार नाही. तू ये. भट्टीच्या धुळीतून, वळणावरून ये. तुझ्या त्या भुयारात दिवा लागतो, पण माणूस दिसत नाही, असं धाकटी सांगते. तुझ्या एका मताने ते झालंय, तर निदान तू तरी त्यातून चाल.

आईने लोभ मागायचा नसतो. वाट मात्र बघते.

तुझी,
आई