जासईत स्वेटर

तीर्थस्वरूप मालतीआत्यास, निशिगंधाचा समुद्रसपाटीच्याही खालून साष्टांग नमस्कार. (हा देश खरोखरच तेवढा खाली आहे.)

सात वर्षं वर्तमानपत्रात चित्रं काढली, त्यामुळे ताजी बातमी आधी सांगायची सवय लागली आहे. तर ताजी बातमी अशी, की तू उरणच्या बाजारातून लोकरीचा स्वेटर घेतलास. प्रीतमदादाने ती फोनवर दिली आणि तुझ्या सुनेने, नमितावहिनीने, मागून ओरडून दुजोरा दिला. मे महिन्यात, जासईत, पंखा पाचवर ठेवून तू तो घालून आरशासमोर उभी होतीस म्हणे. मला मात्र तू दोनदा सांगितलंस की जुलैतल्या माझ्या चित्रप्रदर्शनाला हॉलंडला येणार नाहीस. “नको गो बाय, मना इंग्रजी येत नाय, तुजी लाज जाईल तिथं.” एकदा पाडव्याला, एकदा परवा. दोन्ही ‘नको’ मी नीट ऐकले, त्यांचं काय करायचं ते शेवटी सांगते. तुझा गुडघा कसा आहे? दारापुढे कंटेनरची रांग लागली की अजून ड्रायव्हरांना ओरडतेस का?

माझी तब्येत आता बरी आहे, पण आल्या आल्या मी वाळले होते आणि त्याला तू जबाबदार आहेस. मी शिकते त्या इथल्या कलाशाळेतल्या शिक्षिका योहानाबाई यांनी मला पहिल्याच आठवड्यात घरी जेवायला बोलावलं. मी दुपारी काही खाल्लं नाही. (लग्नाच्या जेवणाला जाताना तू आम्हाला खाऊ द्यायचीस का?) संध्याकाळी सहालाच पानं मांडली. बटाटा, गाजर आणि कांदा एकत्र ठेचलेला, वर सॉसेज, मिठाशी कोणाचं भांडण झालेलं. पण भुकेला छान लागलं. बाईंनी विचारलं, अजून वाढू? तू शिकवलंस तसं मी ताटावर हात आडवा धरला, लाजून हसले आणि नको म्हटलं. बाई बरं म्हणाल्या आणि पातेलं आत घेऊन गेल्या. मला वाटलं, गरम करायला नेलं. मी हात तयार ठेवून बसले. आतून नळाचा आवाज आला. पातेलं धुतलं जात होतं, आत्या. मग कॉफी आली आणि बिस्किटांचा डबा आला. मी एक घेतलं, तसं डब्याचं झाकण लागलं. घरी येऊन मी कोरडा पाव खाल्ला आणि तुझी आठवण काढून थोडी रडले. थोडीच.

इथे एकदा नाही म्हटलं की ते नाहीच असतं. यात त्यांचा कंजूसपणा नाही, उलट तुमच्या शब्दाला ते मान देतात. तुझ्या घरात असा मान कोणी कोणाला दिला असता तर आम्ही भावंडं उपाशी मेलो असतो.

परतफेड म्हणून मी बाईंना माझ्या खोलीवर बोलावलं. कोंबडीचा रस्सा, तुझा मसाला आणि तांदळाच्या भाकऱ्या. (तुझ्यासारख्या गोल नाहीत. एक भाकरी बाईंना नकाशासारखी वाटली.) त्यांच्याकडे ताटात टाकणं वाईट, म्हणून त्या पान चाटूनपुसून संपवत. आपल्याकडे रिकामं पान दिसणं वाईट, म्हणून मी लगेच भरत असे. त्या संपवत, मी भरी. दोन देशांचे संस्कार एकमेकांना भिडले आणि कोणीच मागे हटेना. शेवटी रस्सा संपला म्हणून तह झाला. बाई माझ्या पलंगावर आडव्या झाल्या, त्यांनी छताकडे बघत हे कोणी शिकवलं ते विचारलं आणि मी तुझा फोटो दाखवला. तेव्हापासून त्या भेटल्या की तुझी चौकशी करतात.

पुढे एका रविवारी त्या मला समुद्राचा बांध दाखवायला घेऊन गेल्या. बांध त्यांच्या आजोबांनी सांभाळलेला, म्हणून केवढा अभिमान! मी म्हटलं, आमचाही होता. आमचे आजोबा उधाणाच्या भरतीला घमेलं घेऊन धावायचे आणि मागून माझी आत्या कालवण-भाकरीची टोपली घेऊन. बाईंनी विचारलं, आता काय आहे तिथे? मी म्हटलं, बंदराचे कंटेनर. वारा अगदी आपल्या खाडीचा होता. फक्त पाठीमागून जेवायला हाक मारणारं कोणी नव्हतं.

घरी येऊन मी चित्राला हात घातला. भिंतभर मोठी पंगत. सगळे जण ताटावर हात आडवा धरून बसलेत आणि मधे एकटी तू उभी, वाढायचा डाव घेऊन. परीक्षक आले, डोकी हलवली, आणि एकाने लिहिलं की हा स्त्रीच्या हुकमतीविरुद्ध समाजाचा मूक निषेध आहे. मी समजावलं, अहो, हे सगळे हो म्हणतायत! कोणालाच पटेना. बोटांच्या फटीतून वाढता येतं हे ज्याने पाहिलंच नाही, त्याला कसं सांगायचं?

बाकी क्षेम. सर्वांना यथायोग्य.

तुझी,
निशिगंधा

ता. क. : उद्घाटनाला चित्राच्या भिंतीपुढेच तीस माणसांची पंगत बसवायची परवानगी योहानाबाईंनी मिळवली आहे. स्वयंपाक मी करीन, वाढायला माणूस नाही. इंग्रजी लागणार नाही, डाव लागेल. तेव्हा आता तिसऱ्यांदा विचारते : येतेस ना?

आणखी ता. क. : स्वेटरचं लेबल तू अजून काढलेलं नाहीस, हेही प्रीतमदादाने सांगितलं. म्हणजे दुकानात परत द्यायची सोय ठेवली आहेस. दुबईच्या सहलीचा पासपोर्ट कपाटात आहेच. मंगळवारी दादा व्हिसाचे कागद घेऊन येईल आणि वहिनी कात्री. लेबल आधी कापायचं, सही मग. त्या दोघांना नको म्हणू नकोस. म्हणजे म्हण, पण दोनदाच.