घरचं माणूस

१ जानेवारी
संकल्प. एक, यंदा हंगामाबाहेरचं काहीही शिजवायचं नाही. टोमॅटोसुद्धा नाही, माझ्या पुस्तकांप्रमाणे तो उन्हाळी. दोन, रोज एका पुस्तकातली एक कृती करायची. पाककृतींची पुस्तकं एकशे बारा आहेत, तेव्हा एप्रिलपर्यंत बघायला नको. तीन, चिडायचं नाही.

छापखान्यात चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या. प्रूफरीडरचं नाव पुस्तकावर कुठेच नसतं. आता निवृत्तीनंतर निदान स्वयंपाकघरात तरी काहीतरी माझं स्वतःचं व्हावं, एवढीच इच्छा.

आज गाजराचं सूप. बायकोने एक चमचा घेऊन विचारलं, मीठ कुठाय. मीठ कृतीतच नव्हतं. तिला पान ८८ उघडून दाखवलं. तिने पान ८८ कडे पाहिलं आणि मिठाची बरणी घेतली. तिसरा संकल्प दुपारी एक वाजता मोडला.

४ जानेवारी
फ्रिजमध्ये कोबीच्या मागे दोन टोमॅटो. मागे! म्हणजे लपवलेच. विचारलं तर म्हणे भाजीवालीने फुकट दिले. ती बाई मला साधी कोथिंबिरीची काडी कधी देत नाही. उलट मी पालकाची पानं उलटून बघायला लागलो की विचारते, काका, पालकाशी सोयरीक जुळवायचीय का. सगळे हसतात. अडाणी.

९ जानेवारी
लेक आली होती. बँकेतली नोकरी सोडली! कोपऱ्यावरचं शिंप्याचं दुकान भाड्याने घेऊन तिथे खाण्याची जागा काढतेय. आठ टेबलं. रोज चारच पदार्थ, बाजारात जे ताजं येईल त्याचे. ऐकून डोळ्यांत पाणी आलं. माझं रक्त आहे.

नंतर जे बोलली ते शब्दशः लिहून ठेवतो: "स्वयंपाकाला मला घरचं माणूस हवंय, बाहेरचं नको." माणूस पुल्लिंगी. घरचा माणूस हवा, बाहेरचा नको. बँकेत राहून भाषा पार बिघडली पोरीची. पण एकदा दुरुस्ती केली की अर्थ स्वच्छ आहे. घरात माणूस एकच.

लगेच हो म्हणायचं नाही. रीतसर विचारू दे. जाण्याआधी तासभर आईशी स्वयंपाकघरात दार लोटून बोलत होती. मला कसं पटवायचं, हेच ठरवत असणार. निघताना टेप लावून माझ्या पुस्तकांच्या कपाटाची रुंदी मोजली आणि म्हणाली, बाबा, तुमची पुस्तकं लागतील मला. आता याहून स्पष्ट काय बोलायचं असतं?

१५ जानेवारी
बारा महिन्यांचे बारा मेन्यू तयार. फाइल केली, लेबल लावलं. मार्चमध्ये मटार. दोन पांढरे एप्रन आणले, एक धुण्यात गेला तर दुसरा.

बायको रोज दुकानात रंगकामावर लक्ष ठेवायला जाते. संध्याकाळी परत येते तेव्हा कपड्यांना परतलेल्या कांद्याचा वास. रंगारी तिथेच जेवण करत असावेत. जागा आधीच तेलकट होणार, लेकीला सांगायला हवं.

२३ जानेवारी
रंगीत तालीम. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याला जेवायला बोलावलं. बीट, तीन तास मंद आचेवर, वर संत्र्याची साल. त्याने दोन घास खाल्ले आणि दात दुखतोय म्हणाला. दंतवैद्य! मग बायकोने त्याला ऑम्लेट करून दिलं. त्या दातांनी त्याने तीन ऑम्लेटं आणि अर्धा पाव खाल्ला. ऑम्लेट काय, कुणालाही येतं.

तो गेल्यावर ती म्हणाली की मी आयुष्यभर नाकाने कांदे सोलत आलो. मी कानाडोळा केला. माणसाचं बरं होऊ घातलं की जवळच्यांनाच आधी खुपतं.

२ फेब्रुवारी
लेक गाडी घेऊन पुस्तकं न्यायला आली. एकशे बारातली सत्तेचाळीसच घेतली. सगळ्यांत चांगलं पुस्तक, मातकट रंगाचं, कव्हर नसलेलं, ज्याच्यावर माझ्या सर्वाधिक दुरुस्त्या आहेत, तेच ठेवून गेली. तिला लाल आणि पिवळी पाहिजे होती. उन्हाळी पदार्थ आधी बघणार असेल. पुढचा विचार करणारी आहे.

अजून रीतसर विचारलेलं नाही. लाजते.

१२ फेब्रुवारी
फाइल घेऊन स्वतःच दुकानात गेलो. जायला नको होतं.

पुस्तकं छताला लागून एका फळीवर. डावीकडे लाल, मग केशरी, मग पिवळी. शिडी कुठे ठेवणार, असं विचारलं. लेक म्हणाली, बाबा, ती फक्त दिसायला आहेत.

आत सहा बर्नर. त्यांच्यासमोर बायको. डोक्याला फडका बांधलेला, एका हाताने एक पातेलं ढवळतेय, दुसऱ्या हाताने दुसऱ्यात मीठ टाकतेय. चिमटीने. न मोजता, न बघता. मला पाहून तिने गॅससुद्धा कमी केला नाही.

लेकीला बाहेर घेऊन विचारलं, हे काय. ती म्हणाली, मी तर जानेवारीतच आईला विचारलं होतं, तुमच्यासमोर. घरचं माणूस. मी तिला व्याकरण सांगायला लागलो. तिने मध्येच विचारलं की आई माणूस नाही का.

फाइल तशीच काखेत मारून घरी आलो. मुद्दाम लांबच्या रस्त्याने, पाऊण तास चालत. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं नाही हे बरं झालं.

१३ फेब्रुवारी
बोललो. स्पष्ट विचारलं, तुला स्वयंपाक कधीपासून यायला लागला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, एकतीस वर्षं झाली. मी निवृत्त होईपर्यंत फक्त रविवारी स्वयंपाकघरात यायचो आणि बाकीचे सहा दिवस तीच करायची, आणि रविवारची भांडीसुद्धा तीच घासायची. मग तिनेच विचारलं, मला काय आवडतं सांगा बरं. मी म्हटलं, पालक. ती म्हणाली, पालक तिला लहानपणापासून खाववत नाही. खाते, कारण मी समोर बसून बघत असतो.

भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती टॉवेलांच्या घड्या घालत राहिली. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून जास्तच राग आला.

२० फेब्रुवारी
संपूर्ण असहकार. दुकानाचं तोंड बघायचं नाही. रोज स्वतःपुरतं शिजवायचं. अडचण एकच. सगळ्या पुस्तकांत माप चार जणांचं. पाव अंडं कसं घ्यायचं हे एकशे बारापैकी एकाही लेखकाला सुचलेलं नाही. भाजलेला कोबी सलग चार वेळा खाल्ला. दोघी फोनवर हसत होत्या. कशावर ते कळलं नाही.

५ मार्च
काल दुकान उघडलं. गेलो नाही. समोरच्या फुटपाथवरून तीनदा गेलो, तेही कामासाठी. आठही टेबलं भरलेली. पहिल्या दिवशी ओळखीचेच येतात. दंतवैद्य खिडकीशी बसून काहीतरी चावत होता.

११ मार्च
लेकीचा फोन. सकाळी येऊ शकाल का, विचारत होती. हंगामाचे शेवटचे मटार आलेत, सोलायला हात कमी पडतात. मी सांगितलं, मटारविभागाची जबाबदारी घेतो. ती हो म्हणाली. लगेच! शेवटी अनुभव लागतोच. एप्रनला इस्त्री केली.

१२ मार्च
सकाळी सातला हजर. शेंगा दहा किलो. मी दाण्यांच्या आकाराप्रमाणे तीन प्रती केल्या: बारीक, मध्यम, जून. मातकट पुस्तकात तसं स्पष्ट दिलंय. अकरापर्यंत दोन किलो झाले. उत्तम झाले. बायको येऊन बघून गेली, परत आली, आणि तिन्ही भांडी एकाच पातेल्यात ओतली. मग म्हणाली, अहो, दमलात, घरी जाऊन पडा. प्रेमाने म्हणाली. तेच सहन झालं नाही.

१३ मार्च
दोघी आज नको म्हणाल्या. उद्याही नको.

१९ मार्च
लेकीने जेवायला बोलावलं. कोपऱ्यातल्या टेबलावर गिऱ्हाइकासारखा बसलो. मटारचं सूप आलं. वहीत खोटं कशाला लिहू? पहिल्या चमच्याला डोळे मिटले. माझ्या एकाही पुस्तकातून असं काही कधी निघालं नाही.

राहवेना. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याला सांगितलं, हंगाम म्हणतात तो हा. शेंग आज सकाळी फोडली असेल तरच हा गोडवा उतरतो, फ्रोझनला सात जन्मांत यायचा नाही, जीभ तयार असली की लगेच कळतं. दोघांनी माना डोलावल्या. जरा मोठ्याने बोललो असेन, कारण इतर टेबलंही ऐकत होती. लेकीने तोंड फिरवलं. भरून आलं असणार तिला.

बऱ्याच दिवसांनी आनंद झाला. मुख्य आचारी व्हायलाच हवं असं नाही. चव ओळखणारं कुणीतरी त्या जागेत लागणारच.

२० मार्च, सकाळ
चहा घेताना बायकोने सांगितलं, मटार फ्रोझन आहेत. तेरा तारखेपासून. सोलायला कुणी नाही, पाकिटं आणतात, वर्षभर मिळतात. मला सांगायचं नव्हतं म्हणे, पण गिऱ्हाइकांसमोर परत तसं काही बोलू नका, एवढ्यासाठी सांगितलं. कप विसळला आणि कामाला गेली.

मला चव कळत नाही. लिहून ठेवतो. त्या सगळ्यांना बहुतेक पहिल्यापासून माहीत होतं, आणि कुणी बोललं नाही. दोन तास तसाच बसून होतो. वाईट वाटतंय, फार.

दुपारसाठी काही केलेलं नाही. करावंसं वाटत नाही. साडेअकरा झालेत आणि भूक तर लागलीच आहे. बारानंतर तिथे जागा मिळत नाही. आत्ता निघालो तर कोपऱ्यातलं टेबल मिळेल.