चौथी जिलेबी आणि केळीची खोली

८ डिसेंबर, धुळे

सगळं बदललं ते चौथ्या जिलेबीला! ललितदादाचं लग्न. आमच्यात मनवार असते – पाहुण्याच्या तोंडात स्वतःच्या हाताने घास भरवायचा, नाही म्हणायची सोय नाही. सकाळपासून हसून हसून गाल दुखत होते. वहिनीचे फुलचंदकाका चौथ्यांदा आले, "एक आमच्या हातची, बेटा!" मी हात झटकला. जिलेबी त्यांच्या पांढऱ्या कुर्त्यावर.

पप्पा म्हणाले, "कॉलेज सोडलं, आता लाजही सोडली!"

आणि प्रियल बघत होती. वहिनीची धाकटी बहीण. माझं संपलं.

९ डिसेंबर, सावदा

आमच्या गोदामात केळी पिकवायची एक खोली रिकामी आहे, धुऊन ठेवलेली. जाड दार. मोबाइलला रेंज नाही. पालथ्या क्रेटवर एकटा बसलो. हळूहळू डोक्यातली भुणभुण थांबली. बाहेर आलो आणि हेमराजभाऊंना आपणहून चहा विचारला! हमाली करता करता ते थबकलेच – "तब्येत बरी शे ना, भाऊ?"

१० डिसेंबर

परत बसलो. झोप छान लागली.

१२ डिसेंबर

प्रियलचा फोन!! "काका अजून धुसफुसतायत. खरं सांग, एवढा कसला राग आला होता?"

"राग नव्हता. माणसं जास्त झाली होती." खोलीचंही सांगून टाकलं. हसेल वाटलं.

"म्हणजे चिडला नव्हतास. दमला होतास."

एवढंच! आजवर सगळ्यांनी मला तापट म्हटलं, मीही मानलं. किती हलकं वाटतंय!

लगेच काकांना फोन. माफी मागितली. ते म्हणाले, "रविवारी येतोय सावद्याला. आता तूच भरव मला."

१५ डिसेंबर, दुपार

धुळ्याची मंडळी आली. मी आधीच खोलीत बसून आलो होतो. काकांना स्वतः भरवलं – दोनदा! पप्पा बघतच राहिले.

प्रियलला मात्र कोणी सोडेना. गाणं म्हण, हे खा, तुझं लग्न कधी? हसत होती, पण नुसती ओठांनी. ते हसू मला पाठ आहे. मग हळूच जवळ आली – "तुझी ती खोली कुठेय?"

ती आणि मी. दुसरं कोणी नाही! काय काय बोलायचं ते आठवडाभर घोकलंय.

१५ डिसेंबर, संध्याकाळ

दिवा लावला. क्रेट पुसून दिला. दार आतूनही उघडतं, ते दाखवलं. बोलायला तोंड उघडलं – तिने डोळे मिटले होते.

मी बाहेर आलो. दार लावून घेतलं.